'सर्वांचे स्वागत' लिहूनही तीच ती माणसं का येतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. पिंपरी-चिंचवडमधला तुमचा ग्रुप दर महिन्याला सह्याद्रीत एक ट्रेक काढतो. जाहिरातीत 'सर्वांचे स्वागत' असतं, पण येतात ते पंचविशी ते पस्तिशीतले, बहुतेक पुरुष, बहुतेक आयटी नाहीतर इंजिनिअरिंगवाले. मध्यंतरी एका पूर्ण अंध मुलीनं नाशिकजवळच्या हरिहर गडाच्या ट्रेकला येऊ का असं विचारलं आणि तुम्ही सुरक्षिततेचं कारण देऊन नाही कळवलं. त्यावरून ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, तिला न्यायलाच हवं होतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, अशानं सगळ्यांचाच वेग मंदावेल, आणि उद्या काही झालं तर निस्तरायचं कुणी? तुम्ही विचारताय, बरोबर कोण?

मी पुण्यातून बरीच वर्षं ट्रेक नेतोय, नवख्यांना दोराचं काम शिकवतोय. अंध, कर्णबधिर आणि कृत्रिम पाय वापरणारे लोक माझ्यासोबत चालले आहेत. त्या अनुभवावरून मला वाटतं, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. जिनं 'येऊ का' विचारलं तिला या वाटेवर नेता येईल का, हा एक. त्याचं उत्तर वाट, ऋतू, लीडर आणि ती व्यक्ती यांवर ठरतं. ज्यांनी कधी विचारलंच नाही त्यांचं काय, हा दुसरा. भांडणं पहिल्यावर होतात, माणसं गळतात ती दुसऱ्यापायी.

पहिला प्रश्न आधी घेतो.

हरिहरला नाही म्हणालात ते मला पटतं. जे कारण दिलंत ते पटत नाही. हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळपास उभ्या आहेत, धरायला खोबण्या आहेत, आणि रविवारी त्याच एका जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येऊन तास-तास अडकतात. तुमच्या लीडरपैकी कुणी अंध व्यक्तीला घेऊन चाललेलं नाही असं तुम्हीच लिहिलंय. अशा वाटेवर, अशा गर्दीत, अशा तयारीनिशी मीही नाहीच म्हटलं असतं. पण तुमच्या निरोपातून तिला कळलं ते असं, की तू अंध आहेस म्हणून डोंगर तुझ्यासाठी नाही. नकार त्या वाटेबद्दल, त्या दिवसाबद्दल आणि आपल्या तयारीबद्दल असायला हवा होता, आणि त्याच निरोपात दुसरी वाट सुचवलेली हवी होती. तसं असतं तर ग्रुपमध्ये बहुधा तटही पडले नसते.

अंध माणूस डोंगरात कसा चालतो याबद्दल बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. लोकांना वाटतं, शिडी अवघड आणि पायवाट सोपी. प्रत्यक्षात शिडीचे गज सारख्या अंतरावर असतात, हाताला आधार असतो, पुढचं पाऊल कुठे पडणार हे मागच्या पावलावरून कळतं. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर लोखंडी शिड्या आहेत. तिथे डोळस मंडळी खाली बघून गार पडलेली असताना अंध ट्रेकर निवांत चढून जाताना मी पाहिलेत. खरा त्रास देतो तो घसारा. सुटी खडी, मुरूम, कारवीची खोडं, प्रत्येक पाऊल वेगळं. आणि उतरताना तर पाय टेकेपर्यंत खाली काय आहे ते कळतच नाही. म्हणून आम्ही वाट निवडताना चढ किती हे नंतर बघतो, उतार कसला आहे हे आधी.

पद्धत साधी आहे. एक डोळस पुढे, त्याच्या सॅकचा पट्टा किंवा दोघांत धरलेली काठी पकडून अंध ट्रेकर, मागे दुसरा डोळस. पुढच्यानं सतत बोलत राहायचं. 'उजव्या पायाला गुडघ्याएवढा दगड.' 'तीन पायऱ्या खाली, तिसरी उंच.' 'डावीकडे दरी, उजवीकडे कातळाला हात लाव.' 'इकडे', 'तिकडे', 'जपून' हे शब्द बंद. 'जपून' ऐकलं की माणूस जागच्या जागी थिजतो, कारण कशापासून जपायचं हे त्याला कळलेलंच नसतं. बोलणाऱ्याचा घसा आणि डोकं दोन्ही अर्ध्या-पाऊण तासात थकतात, त्यामुळे जोड्या बदलाव्या लागतात. पूर्ण अंध आणि नवख्या ट्रेकरमागे तीन-चार सरावलेले डोळस हवेत असा माझा हिशेब आहे. तेवढे नसतील तर ट्रेक पुढे ढकलायचा.

दोन गोष्टी मात्र करू नका, दोन्ही लोक हौसेनं करतात. अरुंद वाटेवर दरीच्या बाजूला 'संरक्षण' म्हणून माणूस चालवायचा नाही. वाट एकाचीच असेल तर दोघंही जातील. आणि अंध ट्रेकरला आपल्या कमरेशी दोरानं बांधून घ्यायचं नाही. अँकर, म्हणजे कातळातला पक्का आधार, नसलेला दोर एकाच्या जागी दोघांना खाली नेतो. दोर लावायची वेळ येत असेल तर तो रीतसर लावा, हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) आणि बिले (पडणाऱ्याला दोरानं थोपवायची सोय) यांच्यासकट, तोही माहीतगार माणसाच्या हातून. नाहीतर ती वाट सोडा.

हे सगळं त्या मुलीला लागू पडेल का, ते तिला विचारल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. ती जन्मांध आहे की दृष्टी नंतर गेली, पांढरी काठी घेऊन एकटी फिरते का, जिने किती सहज चढते, खडबडीत जमिनीवर चालायची सवय आहे का, मदत कशी घ्यायला आवडते. थोडं दिसणाऱ्यांचं गणित तर आणखी निराळं. भर उन्हात मोकळ्या पठारावर मजेत चालणारा माणूस जंगलातल्या ऊन-सावलीच्या ठिपक्यांत पार गोंधळतो, कारण सावली कुठली आणि खड्डा कुठला ते उमजत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेत. 'दिव्यांगांना नेता येईल का' असा एकच घाऊक प्रश्न विचारला तर उत्तरही तसंच फसवं येणार.

कृत्रिम पाय वापरणाऱ्यांबद्दल थोडं सांगतो, कारण असा कुणीतरी तुमच्याकडे येईलच. वर अंधांना सोपी म्हटलेली शिडी यांना अवघड जाते. घोटा वळत नाही, गजावर पाऊल बसलं की नाही ते जाणवत नाही. साधा नियम असा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. दिवसभर चालून उरलेल्या पायाचा आकार थोडा कमी होतो, तो ज्यात बसतो ते सॉकेट सैल पडतं, मग वरून जादा मोजा चढवावा लागतो. पावसाळ्यात आणि घामानं आतली कातडी सोलवटते. त्यामुळे यांच्यासाठी दर तासाला बसायचा थांबा हवा, कोरडे मोजे आणि जादा लायनर (सॉकेटच्या आतलं मऊ अस्तर) हवा, आणि पाय काढून पुसायला थोडा आडोसा हवा. 'काही लागलं तर सांग' म्हणून भागत नाही. मागे राहायची लाज वाटून माणूस रक्त येईपर्यंत बोलत नाही.

कर्णबधिरांचं त्या मानानं सोपं आहे, फक्त आपल्या सवयी आड येतात. शिट्टी, हाक, मागून ओरडून दिलेली सूचना, सगळं वाया. लीडरनं वळून, तोंड उजेडाकडे करून बोलायचं. अंधारात हेडटॉर्चचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत मारायचा नाही, स्वतःच्या हातांवर पाडायचा. दोराच्या कामात किती झटके म्हणजे काय ते खालीच ठरवायचं. आणि ओठ वाचणारा कुणी असेल तर ट्रेकर मंडळींच्या दाढी-मिशा ही खरोखरची अडचण आहे. हसू येतं, पण विचारून बघा.

हे सगळं शक्य आहे का, असं कुणी ग्रुपमध्ये म्हणालंच, तर २५ मे २००१ ला एरिक वाइहेनमायर हा पूर्ण अंध अमेरिकन गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला हे त्यांना सांगा. पुढे चालणाऱ्याच्या सॅकला बांधलेल्या घंटेचा आवाज ऐकत तो चालायचा. अरुणिमा सिन्हा २१ मे २०१३ ला कृत्रिम पायानं एव्हरेस्ट चढल्या. पण ही उदाहरणं मी जरा हात राखूनच वापरतो. 'बघा, तो एव्हरेस्ट चढला, तुम्हाला लोहगड जमत नाही?' असा त्यांचा उपयोग व्हायला लागला की सगळं ओझं पुन्हा त्या एकट्या माणसावर येतं. त्यांच्यामागे महिनोन् महिन्यांचा सराव होता, पैसा होता, कसलेले साथीदार होते. आपल्याकडचं पाहायचं तर पुण्याचे दिव्यांशु गणात्रा बघा. तारुण्यात दृष्टी गेली, पुढे एकट्यानं पॅराग्लायडिंग केलं, आणि २०१४ मध्ये ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन काढलं. त्यांच्या उपक्रमांत दिव्यांग आणि इतर लोक एकत्र असतात. दोघांनी मिळून चालवायच्या टँडम सायकलवर डोळस पुढे, अंध मागे. मला ती रीत पटते. दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, 'दिव्यांगांसाठी विशेष ट्रेक' काढायचा, पायथ्याशी बॅनर, माथ्यावर हार-तुरे, फोटो, आणि पुढच्या ३ डिसेंबरपर्यंत कुणाची आठवण नाही, हा प्रकार मला अजिबात आवडत नाही. नेहमीच्या ट्रेकला, नेहमीच्या यादीत, एक-दोन जण असू देत.

आता दुसरा प्रश्न. माझ्या मते तुमच्या ग्रुपचं खरं काम इथे आहे.

तुम्ही लिहिलंय, 'मुली येतच नाहीत, आम्ही काय करणार?' तुमच्या जाहिरातीत निघायची वेळ आहे, रात्री अकरा, चिंचवड. परत यायची वेळ कुठेच नाही. रविवारी एक्स्प्रेसवेवर अडकून तुमची बस रात्री एक वाजता हायवेवर सोडत असेल, तर तिथून घरी कसं जायचं हा प्रश्न एखादी मुलगी नाव देण्याआधीच मनात सोडवते आणि नाव देत नाही. तिला चढाची भीती नसते. परतीची वेळ लिहा, ती पाळा, उशीर झालाच तर कोण कुणाला घरापर्यंत सोडणार ते आधी ठरवा. मुक्कामी ट्रेकला झोपायची व्यवस्था काय, सोबत स्त्री लीडर आहे का, हेही लिहा. आणि स्त्री लीडर म्हणजे नावनोंदणी आणि जेवणाच्या पुड्या सांभाळणारी बाई नव्हे. वाट तिनं ठरवायची, दोर तिच्या हातात असायचा, परत फिरायचा निर्णय तिनं द्यायचा.

मग लघवीचा प्रश्न. यावर ट्रेकच्या ग्रुपात कुणी बोलत नाही, आणि त्याची किंमत बायका मोजतात. आडोसा मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, मग दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं दुखतं, उन्हात चक्कर येते, आणि घरी गेल्यावर जळजळ सुरू. लीडरच्या वहीत मात्र नोंद काय होते, तर 'फिटनेस कमी'. आम्ही दर दीड तासानं थांबा जाहीर करतो, न विचारता. मुली वाटेच्या पुढच्या बाजूला, मुलं मागच्या बाजूला, पंधरा मिनिटं, बाकी कुणी इकडे-तिकडे फिरायचं नाही. एक गडद रंगाची ओढणी किंवा ताडपत्रीचा तुकडा लीडरच्या सॅकमध्ये असतो. पाळीसाठी जादा पॅड, कागद, आणि वापरलेलं परत आणायला काळी पिशवी प्रथमोपचाराच्या पेटीतच ठेवतो, म्हणजे मागावं लागत नाही, पेटी कुठे आहे तेवढं माहीत असलं की झालं. खर्च नगण्य आहे, आणि मी पाहिलेल्या सगळ्या बदलांत या एका गोष्टीचा परिणाम सगळ्यात लवकर दिसला.

पैसा आणि सुट्टी यांचं बघू. एका दिवसाच्या ट्रेकला हजार-बाराशे रुपये फी, वर 'अमुकच कंपनीचे बूट, क्विक ड्राय कपडे, हायड्रेशन पॅक' अशी सामानाची यादी. ती वाचून वर्कशॉपमधला मुलगा काय समजायचं ते समजतो. ॲक्शनच्या साध्या ट्रेकिंग बुटांवर या राज्यातल्या कितीतरी ट्रेकर्सनी गड पालथे घातले आहेत. नवरात्रात कळसूबाईला जाणाऱ्या आसपासच्या गावांतल्या बायका साडी आणि साध्या चपलांवर चढतात. यादीत खरंच लागतं तेवढंच लिहा: पकड असलेले बूट, दोन-तीन लिटर पाणी, टॉर्च, टोपी. ग्रुपच्या नावावर चार-पाच सॅक, टॉर्च आणि पोंचो घेऊन ठेवा, ज्याला हवं त्यानं न्यावं. दर दोन-तीन ट्रेकमागे एक ट्रेक एसटीनं करा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पासष्टीपुढच्यांना अर्धं आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत, दिव्यांगांनाही सवलत आहे. ज्या तीन गटांना तुम्ही बोलावू पाहताय त्यांच्याचसाठी राज्यानं तिकीट स्वस्त केलंय, आणि आपण खासगी बसचे पूर्ण पैसे वसूल करतोय.

आणि रविवारच का? तुमच्या भोसरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. लक्ष्मी रोडची बरीच दुकानं सोमवारी बंद. त्या माणसांनी तुमचा ट्रेक कधीच बघितलेला नसणार. महिन्याआड एक गुरुवारचा ट्रेक ठेवून बघा. त्याचा आणखी एक फायदा आहे. गुरुवारी गडावर गर्दी नसते, आणि सावकाश चालणाऱ्यांना खरा धोका असतो तो मागून 'चला, चला' करत ढकलणाऱ्या गर्दीचा. त्या अंध मुलीचा पहिला ट्रेक गुरुवारीच काढता येईल.

जाड माणसांबद्दल एकच सांगतो. हार्नेसचा मोठा साइज ग्रुपकडे आहे का? नसेल तर रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरायच्या, दिवशी वीस जणांसमोर बकल लागत नाही हे कळण्यापेक्षा आधी फोनवर कंबर आणि मांडीचं माप विचारा. सगळ्यांचंच विचारा.

जातीबद्दल लिहू की नको, असं वाटलं होतं, पण लिहितो. आपण ट्रेकला जात विचारत नाही, खरं आहे. आडनाव विचारतो, मग 'मूळचे कुठले' विचारतो. वस्तीतला एखादा मुलगा एकदा येतो, दिवसभर ऑनसाइट, पॅकेज आणि बुलेटच्या गप्पा ऐकतो, आणि परत येत नाही. त्याला कुणी काही बोललेलं नसतं. नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव आणि आपत्काळात कळवायचा नंबर एवढं पुरतं. पण याहून महत्त्वाचं वाटतं ते गडावर आपण सांगतो त्या गोष्टींचं. गडाच्या घेऱ्यातली राखण, चौक्या-पहारे यांत रामोशी, महार, मांग, कोळी, बेरड होते. स्वराज्याच्या आरमारात दौलतखान होता. या माणसांशिवाय गड उभा राहत नव्हता, मग आपल्या अर्ध्या तासाच्या माहितीत ती का नसतात? गड आपलाही आहे हे ऐकणाऱ्याला आपोआप कळायला हवं. आणि माथ्यावर घोषणा द्यायच्या तर आनंदानं द्या, फक्त कुणाचा आवाज निघाला आणि कुणाचा नाही यावर नजर ठेवू नका.

पायथ्याच्या गावातली माणसं तर आपल्या हिशेबातच नसतात. ती जेवण देतात, वाट दाखवतात, फोटोत कडेला उभी राहतात. अकोले तालुक्यातल्या महादेव कोळी, ठाकर घरांतली मुलं जी वाट अंधारात धावत उतरतात, ती आपण दोर लावून उतरतो. अंगात डोंगर असूनही संधी नसते, आणि ती मिळाली की काय होतं हे दिसलेलं आहे. तेलंगणातल्या निवासी शाळेतली मालावत पूर्णा भोंगीरच्या कातळावर शिकली आणि २५ मे २०१४ ला, चौदा वर्षंही पूर्ण नसताना, एव्हरेस्टवर पोचली. २०१८ च्या मे महिन्यात आपल्या आदिवासी विकास विभागाच्या मिशन शौर्यमधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. तुम्हाला एव्हरेस्ट गाठायचं नाहीये. नेहमीच्या एका गावातला एखादा वाटाड्या मुलगा किंवा मुलगी निवडा, प्रथमोपचाराचा कोर्स तुमच्या खर्चानं करू द्या, नंतर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स. तो साधारण महिनाभराचा असतो, म्हणजे फीबरोबर महिन्याची बुडालेली मजुरीही द्यावी लागेल. नुसती फी भरली तर तो जाणार नाही. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानंतर नोंदणी आणि प्रशिक्षित माणसं यांवर भर आलाय, तो योग्यच आहे. पण कागद नाही म्हणून उद्या पिढ्यान् पिढ्या डोंगरात राहणारा वाटाड्याच बाहेर आणि शहरातला सर्टिफिकेटवाला आत, असं व्हायला नको.

प्रत्येक गडावर रस्ता किंवा रोपवे व्हावा असं मात्र मी म्हणणार नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आल्यापासून ही मागणी वाढलीय. रायगडाला रोपवे आहे, पन्हाळ्यावर थेट गाडी जाते. व्हीलचेअरवरच्या माणसाला तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी बघायची असेल तर पन्हाळ्याचा दिवस आखा आणि चांगला आखा. राजगडचा बालेकिल्ला आहे तसा राहू दे. अडचण बहुतेक वेळा माहितीची असते. तुमच्या जाहिरातीत 'सोपा, मध्यम, अवघड' एवढंच असतं. त्याऐवजी चढाई किती मीटर, किती तास, पायऱ्या की घसारा, शिडी आहे का, कडेची वाट किती लांब, सावली, पाणी, संडास कुठे, मधूनच परत फिरता येईल का, हे आठ-दहा ओळींत मराठीतून लिहा. गुडघे दुखणारे काका, दम्याची मुलगी, प्रोस्थेटिक वापरणारा तरुण, सगळे आपापलं ठरवतील. डॉक्टरांना नुसतं 'मी फिट आहे का' विचारण्यापेक्षा हाच मजकूर दाखवा, असं येणाऱ्यांना सांगा.

वेगाच्या तक्रारीबद्दल. ती खोटी नाही. सावकाश ट्रेकला वेळ जास्त लागतो, आणि ज्याला दिवसात मदन-कुलंगसारखे अवघड गड मारायचेत त्याला लोहगडच्या पायऱ्यांवर थांबून राहायला सांगणं हाही अन्यायच. त्यासाठी दोन प्रकारचे ट्रेक ठेवा आणि जाहिरातीत स्पष्ट लिहा. फक्त सावकाश ट्रेकला ग्रुपचे उत्तम लीडर द्या. उरलेसुरले दिलेत तर महिन्याभरात सगळ्यांना कळतं की हा दुय्यम ट्रेक आहे. परत फिरायची वेळ दोन्हीकडे सारखीच कडक. दोन वाजता परत म्हणजे दोन वाजता परत, माथा दहा मिनिटांवर असला तरी.

जबाबदारीचं म्हणाल तर आरोग्याचा फॉर्म सगळ्यांना एकच द्या. साखर, रक्तदाब, फिट्स, दमा, ऑपरेशन, औषधं. आकडी येणारा धडधाकट तरुण कड्यावर त्या अंध मुलीपेक्षा जास्त धोक्यात असतो, आणि तो लपवतो. दिव्यांग व्यक्तीकडून वेगळा बाँड लिहून घेऊ नका. निष्काळजीपणा झाला तर असल्या कागदानं तुमची सुटका होईल असंही समजू नका. विमा काढा, लीडरना प्रथमोपचार शिकवा, जखमीला खाली कसं आणायचं याचा सराव करा. आणि सज्ञान मुलीच्या वडिलांना परस्पर फोन करून परवानगी मागू नका. मुलांच्या वडिलांना करता का?

आता त्या मुलीला काय लिहायचं? पाऊस ओसरून निसरडं वाळलं की, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आधी एक सकाळ घोरावडेश्वरच्या पायऱ्यांवर सराव ठेवा. तुमचे चार लीडर आणि ती. लीडरनी त्याआधी आपापसांत डोळ्यांवर पट्टी बांधून तोच जिना चढून-उतरून बघावा, बोलायची भाषा तिथेच बसते. जमलं तर त्यापुढच्या गुरुवारी लोहगडवाडीतून लोहगड, सगळ्या पायऱ्याच आहेत. मग लोणावळ्याकडून राजमाची. अंतर लांब पण वाट रुंद, आणि उधेवाडीत घरात मुक्काम होतो. तिला कळवा की हरिहर तुमच्या तयारीअभावी राहिला, या तीन तारखा आहेत, यातली कुठली जमेल, आणि मदत कशी घ्यायला आवडेल ते तिनंच सांगावं. सोबत तिची मैत्रीण यायची असेल तर येऊ दे, पण मदतनीस म्हणून फुकट राबायला नाही. तिचंही नाव ट्रेकर म्हणूनच लिहा. पत्र स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) नीट वाचता येईल असं साध्या मजकुरात पाठवा. तुमची जाहिरात फोटोतल्या अक्षरांत असते, ती तिच्यापर्यंत पोचली तरी कशी हेही एकदा विचारून घ्या.